गोधडीचे वाटेकरी

मांजर आपल्या अंथरुणात येतं ते प्रेमापोटी, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुण्यातला एक मे महिना मांजरांसोबत काढून बघावा. डिसेंबरात काखेत तोंड खुपसल्याशिवाय ज्याचा डोळा लागत नव्हता, तोच बोका एप्रिल उजाडला की ओळखही दाखवत नाही. ओट्याखालची फरशी, बाथरूमच्या उंबऱ्याजवळचा ओलसर पट्टा, कधी चक्क रिकामं वॉश बेसिन. तिथं तो चारी पाय ताणून पडलेला असतो. हाक मारली तर शेपटीचं टोक तेवढं हलतं. ऐकू आलंय, पण येणार नाही.

आमच्याकडे दोन आहेत. बुवा हा बोका, पिवळा-पांढरा, पाच किलोंच्या वर भरणारा. घरघर सुरू झाली की कुणीतरी तंबोरा लावून बसलंय असं वाटतं, म्हणून बुवा. चकली ही भाटी. ती वेटोळं घालून निजली की नाव असं का, हे कुणी विचारत नाही. पांढरा, काळा, तांबूस असे तीन रंग अंगावर आहेत, आणि असं तीनरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं. तांबूस आणि काळ्या रंगाचा हिशेब एक्स गुणसूत्रावर असतो आणि दोन्ही रंग हवेत तर एक्सही दोन लागतात. दोघंही सोसायटीच्या पार्किंगमधून वर आलेली, दोघांचीही ऑपरेशनं झालेली, आणि दोघांचंही एकमेकांशी फारसं पटत नाही. अंथरुणात मात्र तह असतो.

मांजराचं अंग हाताला गरम लागतं ते उगाच नाही. आपलं शरीर 37 अंशांवर चालतं, त्याचं 38 ते 39वर. अंगातली ऊब राखायला किंवा बाहेर टाकायला वेगळी मेहनत पडू नये अशी हवा त्याला हवी असेल, तर ती साधारण 30 ते 38 अंशांची. आपण पंखा लावतो तिथं त्याचं सुख सुरू होतं. घरमांजरांचे पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातली रानमांजरं, त्यामुळे यात नवल नाही. आता पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा 10च्या आसपास उतरतो. त्या वेळी अख्ख्या फ्लॅटमध्ये 30 अंशांची जागा एकच असते, पांघरुणाखाली, माणसाला चिकटून. मांजर ती बरोबर शोधतं. यात भावनेचा भाग किती आणि हिशेबाचा किती, हे मी वेगळं काढत बसत नाही. कुणी काढलंच तर हिशेबाचं पारडं जड निघेल, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

वाईट वाटत नाही, कारण मी ज्या घरात वाढले तिथं माणसंही एकमेकांना चिकटून झोपायची ती काही प्रेमाचा महापूर आला म्हणून नाही. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसं. रात्री जेवणं आटोपली, फरशी पुसली की गाद्या पडायच्या. वडील आणि काका बाहेर गॅलरीत. आत ओळीनं आम्ही. भिंतीकडची जागा आजीची, तिच्या पलीकडे सगळ्यात धाकटा, मग मी, मग बहीण, आणि दाराशी आई, कारण पहाटे पाण्याला उठायचं तिलाच असायचं. कुणाचा पाय कुणाच्या पोटावर, कुणाचं घोरणं कुणाच्या कानात. बहीण झोपेत दात खायची. धाकट्यानं गादी ओली केली की ओळ मध्येच तुटून दोन्हीकडे सरकायची आणि कुणी जागंसुद्धा व्हायचं नाही. जागा नव्हती म्हणून तसे झोपायचो, एवढंच. त्याला माया वगैरे म्हणायला लागलो ते पुढे स्वतंत्र बेडरूम मिळाल्यावर.

डबल बेड ही वस्तू आमच्या नात्यात आली ती 1990च्या पुढे, हप्त्यांनी. मग प्रत्येकाची खोली झाली, प्रत्येकाचा पंखा झाला. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला तेव्हा घरात माणसं दोन आणि अंथरुणाला जागा तीन खोल्यांची, अशी गत झाली. सहा बाय साडेसहाच्या पलंगावर नवरा त्या टोकाला, मी या टोकाला, आणि मधे वीणकाम पसरून ठेवता येईल एवढा मोकळा माळ. मांजरांनी तो पहिल्याच हिवाळ्यात ताब्यात घेतला. मला त्या रात्री झोप चांगली लागली. शेजारी कुणाचा तरी श्वास वरखाली होतोय, कुणीतरी कूस बदलल्यावर पांघरूण ओढलं जातंय, याची शरीराला जुनी सवय होती, ती मी विसरले होते.

आजोळी मात्र हे चाललं नसतं. मालवणकडे आजीच्या घरात मांजर नेहमीच असायचं, पण कामाला ठेवलेल्या गड्यासारखं. भाताची रास राखणं हे त्याचं काम, आणि मासळी साफ होताना मिळणारी डोकी-शेपट्या हा पगार. झोपायची जागा चुलीजवळ, ऊबदार राखेच्या कडेला. पहाटे त्याच्या पाठीवर पांढुरकी पूड दिसायची. अंथरुणाच्या आसपास फिरकलं की आजीचा आवाज चढायचा, "मांजराक हांतरुणात घेव नको गो, केस पोटात जातत!" केस पोटात गेले की दमा लागतो, ही तिची पक्की समजूत. तिची भीती अगदीच हवेतली नव्हती. मांजरामुळे ज्यांना शिंका, खाज, दमा उसळतो, त्यांना तो केसांमुळे उसळत नाही. मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या तेलात एक प्रथिन असतं. मांजर दिवसभर स्वतःला चाटतं, प्रथिन केसांवर वाळतं, त्याची बारीक धूळ होऊन हवेत राहते, उशीत मुरते. म्हणजे मांजर खोलीबाहेर काढलं तरी त्रास लगेच थांबत नाही. ज्याच्या छातीत घरघर होते त्यानं हौसेखातर मांजर अंथरुणात घेऊ नये, या बाबतीत मी आजीच्या बाजूची आहे.

पण मांजरानं चुलीपर्यंत यावं आणि अंथरुणापर्यंत येऊ नये, ही सीमा माणसानं नेमकी कधी आखली, कोण जाणे. सायप्रस बेटावर शिलुरोकाम्बोस नावाच्या ठिकाणी उत्खननात साधारण 9500 वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. 2004 साली ते प्रसिद्ध झालं. माणसाच्या सांगाड्यापासून 40 सेंटीमीटरवर मांजराचा अख्खा सांगाडा होता, वय आठेक महिने. सायप्रसमध्ये मूळची रानमांजरं नव्हती, म्हणजे कुणीतरी ते किंवा त्याचे आईबाप होडीत घालून समुद्रापलीकडून आणले होते. उंदरांसाठी आणलं असेल, तर शेजारी का पुरलं? मला या सगळ्यात ते 40 सेंटीमीटर फार आवडतात. वीत-दोन वीत. बुवा उन्हाळ्यात नाइलाजानं पलंगावर आला तर साधारण तेवढंच अंतर राखतो.

आता रात्रीचं प्रत्यक्ष कामकाज. दहा-साडेदहाला आम्ही दिवा मालवला की पहिली येते ती चकली, मांजराच्याच पावलांनी, म्हणजे आलेली कळत नाही. एकदम पोटरीला काहीतरी टेकतं. तिचा वाटा नवऱ्याच्या गुडघ्यांमागची खोबण, आणि त्यात बदल नाही. बुवा उशिरा येतो आणि येताना गाजावाजा करतो. त्याला आधी मळायचं असतं. पुढचे दोन पाय आळीपाळीनं दाबायचे, नखं बाहेर, नखं आत, डोळे अर्धे मिटलेले, तोंडातून कधी लाळेचा थेंब. पिल्लू आईचं दूध पिताना स्तनाभोवती असंच दाबतं, म्हणजे दूध सुटतं. बुवा आता चांगला प्रौढ आहे, पण हे सुटलेलं नाही.

तो मळतो ती आईनं शिवलेली गोधडी. तिच्या दोन जुन्या नऊवारी, आतमध्ये वडिलांची धोतरं, वरून कडेपासून मध्यापर्यंत चौकोनात चौकोन असा धावदोरा. हाताचे टाके, त्यामुळे प्रत्येक टाका किंचित सैल. बुवाचं नख नेमकं त्या सैल टाक्याखाली शिरतं, दोरा वर येतो, तटकन तुटतो. उजव्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढ्या जागेत आता दोरा उरलेला नाही. हिरव्या लुगड्याचा काठ तिथून सुटून उलटलाय आणि आतलं धोतर दिसतं. मी ते दुरुस्त करायला बसले होते. मग म्हटलं, आधी तिथं आणखी एक तुकडा लावावा आणि त्याला तोच मळू द्यावा. जुन्या टॉवेलचा तुकडा ठिगळ म्हणून बसवला. आता नखं टॉवेलात जातात. नखांची टोकं दर दोन-तीन आठवड्यांनी कापते. कापताना पांढरं टोक तेवढंच कापायचं, आतली गुलाबी शीर सोडून. हे मांजर झोपेत असताना, एकेका पायाचं, चोरीनं उरकायचं काम आहे.

झोप मोडते का? मोडते. मांजर दिवसात बारा ते सोळा तास झोपतं म्हणतात, पण ती झोप तुकड्यातुकड्यांची, आणि त्याची खरी जाग तिन्हीसांजेची आणि पहाटेची. उंदीर-पाखरांची वर्दळ त्या वेळी असते. आपण नेमके पहाटे गाढ असतो. पाचला बुवा छातीवर येऊन बसतो. आधी नुसतं बघतो. मग नख आत घेऊन, मऊ पंजा ओठांवर ठेवतो. मग टेबलावरचा चष्मा, मोबाइल, औषधाची पट्टी, या क्रमानं एकेक वस्तू कडेपर्यंत सरकवतो आणि प्रत्येक वेळी वळून पाहतो. वर्षातून एकदाच मी त्याच्या आधी उठते, नरकचतुर्दशीला. त्या दिवशी तो फटाक्यांच्या भीतीनं पलंगाखाली असतो, त्यामुळे विजयाचा आनंद घेता येत नाही.

अमेरिकेत 962 बायकांची पाहणी करून केलेला एक अभ्यास 2018 साली छापून आला. अंथरुणातला कुत्रा जोडीदारापेक्षा कमी झोपमोड करतो आणि मांजर जोडीदाराइतकीच करतं, असं त्या बायकांचं म्हणणं पडलं. नवऱ्यानं हे नाश्त्याच्या वेळी विजयी चेहऱ्यानं वाचून दाखवलं. वाक्यात तुलना कुणाशी झाली आहे, हे त्याच्या ध्यानात यायला चहा संपावा लागला. अर्थात हे सगळं बायकांनी स्वतः सांगितलेलं आहे. रात्री कुणी यंत्रं लावून मोजलेलं नाही.

सासूबाई आल्या की त्यांच्या खोलीचं दार बंद असतं. मांजरं बाहेरून खरवडतात, त्या आतून "हाऽड" म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी चहाला सगळं पूर्ववत. त्यांचं मन वगैरे पाघळलेलं नाही आणि मी पाघळवायला गेलेलेही नाही. त्यांच्या चादरीवर आजही एक केस सापडणार नाही. घरात एक तरी खोली अशी असावी.

भाचीला दिवस गेले तेव्हा मात्र नातेवाइकांनी फोनवर फोन केले. ती आमच्याकडे राहायला येणार होती. मांजरं सोडून या, कुणाला तरी देऊन टाका, गर्भाला धोका असतो, वगैरे. धोका आहे तो टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा, आणि तो खरा आहे. फक्त तो मांजराच्या अंगावर नसतो, विष्ठेत असतो. मांजराला पहिल्यांदा लागण झाली की थोडेच आठवडे ते परजीवीची अंडी टाकतं. ती पडल्यापडल्या बाधत नाहीत, त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे वाळूचा ट्रे रोज साफ झाला आणि तो गरोदर बाईनं साफ केला नाही, तर मोठा धोका टळतो. अर्धकच्चं मांस, न धुतलेली पालेभाजी, कुंडीतली माती यांतूनही हाच परजीवी येतो, पण भाजी घरातून हाकला असं कुणी म्हणाल्याचं ऐकिवात नाही. भाचीनं तिच्या डॉक्टरांना विचारलं, रक्त तपासून घेतलं. ट्रे नवऱ्याकडे आला, तो आजतागायत त्याच्याकडेच आहे. तिच्या पायाशी चकली झोपायची.

मला स्वतःला अंथरुणातून लागलेली एकच गोष्ट म्हणजे गजकर्ण. चकली पिल्लू असताना तिच्या कानामागे रुपयाएवढा केस गेलेला चट्टा आला, आणि थोड्याच दिवसांत माझ्या दंडावर लालसर कडेचं वर्तुळ उठलं. ती बुरशी मांजराकडून माणसाला सहज लागते, पिल्लांकडून तर जास्तच. मग मलम, चकलीला औषध, चादरी गरम पाण्यात, आणि बेडरूमचं दार बंद. दाराबाहेर रात्रभर रडारड. बरी झाल्यावर दार उघडलं तर ती रुसून हॉलमधल्या सोफ्यावरच.

आणि हे तर भिंतीवर लिहून ठेवावं असं: पिसवांसाठी कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. त्यातल्या कित्येकांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं. मांजराच्या यकृताला ते पेलत नाही, थरथर सुटते, झटके येतात, जीवही जातो. पिसवा अंथरुणात आल्या म्हणून घाईघाईनं घरातली कुठली तरी पावडर शिंपडणारे बरेच असतात. मांजरासाठीचे मानेवर टाकायचे थेंब वेगळे मिळतात, ते डॉक्टरांना विचारून आणावेत.

घरघरीबद्दल लोक फार हळवं बोलतात. ती 25 ते 150 हर्ट्झच्या पट्ट्यातली असते, तिनं हाडं जुळतात, रक्तदाब उतरतो, असे संदेश फिरत असतात. पट्टा खरा, हाडांचा पुरावा तोकडा. ती निघते कशी हेही अलीकडेपर्यंत नीट ठाऊक नव्हतं. मेंदू स्वरयंत्राच्या स्नायूंना सतत आकुंचन पावायला लावतो असं मानलं जायचं. 2023 साली व्हिएन्नातल्या संशोधकांनी मेलेल्या मांजरांच्या स्वरयंत्रांतून हवा सोडली तर स्नायूंच्या हालचालीशिवायच तो खालचा आवाज निघाला. स्वरपटलांत मऊ गाद्यांसारखे भाग असतात, त्यांच्यामुळे एवढ्याशा प्राण्याला एवढा खर्ज लागतो. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. मांजर सुखात घरघरतं तसं दुखण्यातही घरघरतं. वितानाही, मरतानाही.

हे मला पुस्तकी माहीत होतं. मग एका पावसाळी रात्री बुवा माझ्या नडग्यांवर झोपला होता. पाच किलोंचं ओझं पायांवर असलं की झोपेतसुद्धा ते जमेला धरलेलं असतं. ओझं उठलं. परत आलं. पुन्हा उठलं. मांजर रात्री एकदा-दोनदा फिरून येतं, पण हे वेगळं होतं, ते बसून स्थिरावतच नव्हतं. बाल्कनीतून वाळू खरवडल्याचा आवाज आला. दिवा लावून पाहिलं तर तो ट्रेमध्ये वाकून बसलेला, पाठ धनुष्यासारखी, शेपटीचं बूड थरथरतंय आणि वाळू कोरडी. बाहेर आला, मागं वळून स्वतःला चाटत राहिला, परत ट्रेमध्ये. मी उचलून पलंगावर आणला. पोटाला हात लागताच आखडला, आणि घरघरायला लागला. रोजच्यापेक्षा मोठ्यानं.

बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद. खड्यांची वाळू आणि चिकट स्राव यांचा बुच बसला की लघवी कोंडते. रक्तात पोटॅशियम चढतं, मूत्रपिंडं बसतात, आणि एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो. बद्धकोष्ठ झालं असेल, सकाळी बघू, असं म्हणणाऱ्यांची मांजरं जातात ती यातच. रात्री उघडा असलेला दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. पावसात रिक्षा मिळेना, शेजाऱ्यांना उठवून गाडी काढायला लावली. डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, मूत्राशय संत्र्याएवढं कडक लागलं. "कधीपासून?" मी म्हटलं, पावणेदोनपासून. त्यांनी मान वर करून पाहिलं. म्हणाल्या, बहुतेक लोक सांगतात कालपासून असेल बहुधा, परवापासून असेल. तुम्हाला मिनिटासकट कसं माहीत? मी सांगितलं, माझ्या पायावर झोपतो.

भूल देऊन नळी घातली. काही दिवस तो तिथंच राहिला आणि आमच्या पलंगावर मधला माळ पुन्हा मोकळा झाला. नवरा दोनदा म्हणाला की आता ऐसपैस झोपता येतंय. दोन्ही वेळा रात्री दोनच्या पुढे म्हणाला.

घरी आल्यावर बुवाचं पथ्य बदललं. कोरडे दाणे कमी, ओलं खाणं जास्त, कारण मांजर मुळात पाणी कमी पितं आणि ते अन्नातूनच पोटात जावं लागतं. पाण्याची भांडी घरभर, तीही ट्रेपासून लांब. मुख्य जेवण रात्री साडेदहाला, आमच्या झोपायच्या तोंडावर. याचा एक फायदा आम्हाला कुणी सांगितला नव्हता. पोट भरलेलं असल्यानं त्याची पहाट पाचवरून सव्वासहावर आली. चकलीला मात्र हा नवा करार मान्य नाही. ती पाचलाच सुरुवात करते, पण नवऱ्याच्या बाजूनं, कारण तिचा वाटा तिकडं आहे. तो कुरकुरत उठतो, तिला वाटी देतो, बुवाचा ट्रे बघतो, आणि लघवी किती झाली ते मला झोपेतच सांगून जातो.